वऱ्हाडच्या वेशीवरचे चित्रकार

चित्रकाराला ठरावीक मुदतीसाठी राहण्याची जागा, कामाचे साहित्य आणि निर्वाहापुरती रक्कम देऊन एखाद्या स्थळी काम करू देण्याच्या व्यवस्थेला आज ‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’ अर्थात निवासवृत्ती म्हणतात, आणि ही कल्पना अलीकडे परदेशातून आली असे सामान्यतः समजले जाते. वऱ्हाडच्या बाबतीत हा समज तपासून घ्यावा लागतो. कारण बुलढाण्याच्या पश्चिमेस असलेल्या अजिंठ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून असे मुक्काम होत आले. त्यांचा खर्च, हेतू आणि फळ ही तिन्ही मात्र बाहेरची होती.

१८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल याची अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक केली. अजिंठा गावातील बारादरीत राहून त्याने कॅनव्हासवर मोठ्या आकाराची तैलचित्रे केली; ती लंडनला गेली आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली असताना १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाली. पारो या स्थानिक स्त्रीशी असलेल्या त्याच्या संबंधावर पुढे कथा-कादंबऱ्या आणि चित्रपट निघाले, त्यामुळे त्याचे खरे काम काहीसे झाकले गेले. वऱ्हाडच्या दृष्टीने गिलचे महत्त्व त्याच्या कॅमेऱ्यात आहे. १८५३ च्या तहाने निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आलेल्या या मुलखातील लोणारची देवळे आणि मेहकरची धर्मशाळा यांची त्याने छायाचित्रे घेतली, आणि या वास्तूंच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत त्यांची गणना करावी लागते. १८७९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर भुसावळला आहे.

गिलनंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह हेच काम पुन्हा हाती घेतले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखा पुढे नावारूपाला आलेला चित्रकार याच चमूतला. सरकारी अनुदानावर शिक्षक आणि विद्यार्थी वर्षानुवर्षे एकाच स्थळी जाऊन राबतात, हा निवासवृत्तीचा नमुना येथे पूर्णपणे दिसतो. त्याचबरोबर तिचा धोकाही दिसतो. काळवंडलेल्या भिंतीवरील रेषा आणि रंग नीट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश चढवण्यात आले. ते कालांतराने पिवळे पडले, त्याला भेगा गेल्या, आणि १९२० नंतर निजाम सरकारला इटलीहून तज्ज्ञ आणून ते काढून टाकण्याचा प्रयत्न करावा लागला. प्रत वाचवण्याच्या खटपटीत मूळ चित्राला इजा झाली, असेच म्हटले पाहिजे. सुमारे तीनशे प्रतींपैकी बऱ्याच १८८५ च्या लंडनमधील आगीत नष्ट झाल्या.

तिसरा मुक्काम १९०९ ते १९११ मधील दोन हिवाळ्यांत झाला. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि व्यंकटप्पा हे अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य फर्दापूरच्या छावणीत राहिले. निजामाच्या राज्यातून सय्यद अहमद आणि काझी फजलुद्दीन आले. या मुक्कामाचे खरे फळ १९१५ मध्ये छापल्या गेलेल्या प्रतींपेक्षा नंदलालांच्या पुढच्या भित्तिचित्रांत शोधावे. प्रतीसाठी आलेला तरुण शिकून गेला, एवढी गोष्ट कोणत्याही अहवालात मावत नाही.

वऱ्हाडात त्या काळी आश्रय देण्याची ऐपत नव्हती असे नाही. अमेरिकेतील यादवीच्या वर्षांत कापसाने या मुलखात पैसा आणला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत गेली, आणि खामगाव, अकोला, अमरावती ही कापसाची मोठी ठाणी झाली. तो पैसा रंगभूमी, साहित्य आणि व्यायाम यांच्याकडे वळला. १९०५ च्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. १९१२ मध्ये अकोल्याला हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्यसंमेलन भरले. १९१४ मध्ये अमरावतीत हनुमान आखाडा उभा राहिला, ज्यातून पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. आणि १९२३ मध्ये त्याच शहरात विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली. नाटक आणि संमेलन यांना भरलेला मांडव लागतो, तो देणगीदारालाही दिसतो. चित्रकाराला लागतो तो बंद खोलीतला निवांत वेळ, आणि त्यासाठी वर्गणी मागणे अवघड. या फरकामुळेच चित्रकला वऱ्हाडी दातृत्वाला मुकली असावी.

उरली ती सरकारी मदत. मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताच्या काळात सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकून १९४३ मध्ये प्रांतिक शिष्यवृत्तीवर मुंबईला गेले आणि १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला. म्हणजे शिष्यवृत्तीने माणूस घडवला तो प्रांताबाहेर पाठवूनच. स्वातंत्र्यानंतर ललित कला अकादमी १९५४ मध्ये दिल्लीत आणि दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्र १९८६ मध्ये नागपुरात स्थापन झाले. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती दोन वर्षे चालतात आणि त्यांत अनुक्रमे महिना १०,००० व २०,००० रुपये मिळतात. अमरावती किंवा अकोल्याच्या चित्रकारालाही त्यांसाठी अर्ज करता येतो. त्या योजना मुख्यतः रक्कम देतात, कामाची जागा ज्याची त्याने शोधावी लागते. चिखलदऱ्याची हवा, लोणारचे पाणी आणि नरनाळ्याचा तट हे सारे अमरावती-अकोल्याच्या आवाक्यातले आहे; नाट्य आणि साहित्य यांच्यासाठी मांडव घालणाऱ्या येथील संस्थांनी दर हिवाळ्यात दोन-चार चित्रकारांसाठी यांपैकी एखाद्या ठिकाणी निवासाच्या खोल्या राखून ठेवाव्यात.