भिक्षूचा ढोल मागे राहिला

राजगडाच्या सुवेळा माचीवरून, हवा स्वच्छ असली की, पूर्वेला पुरंदर दिसतो. भोरकरांना तो कापूरहोळ-नारायणपूरच्या वाटेवरचा रोजचा गड. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने इथे जर्मन कुटुंबांना स्थानबद्ध केलं. त्यांत हिटलरच्या जाचातून पळून आलेले ज्यूही होते. ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ एवढाच त्यांचा अपराध. जपानी माणसांवर तीच वेळ आली डिसेंबर 1941 मध्ये. खालच्या वेळा आजच्या भारतीय प्रमाणवेळेनुसार आहेत.

26 जुलै 1941
ब्रिटन आणि अमेरिका जपानची मालमत्ता गोठवतात. 1893 पासून मुंबईचा कापूस बोटींनी कोबेला नेणारा व्यापार कोलमडतो. मुंबईतली बरीच जपानी कुटुंबं चंबूगबाळं आवरून मायदेशी परततात. थोडी मागे राहतात.

रविवार, 7 डिसेंबर, संध्याकाळ
वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात एक जपानी बौद्ध भिक्षू राहतो. त्याचे गुरू निचिदात्सु फुजी 1933 साली वर्ध्यात गांधीजींना भेटले होते. हा शिष्य आश्रमाचाच होऊन गेला आहे. नेमून दिलेलं काम चोख करतो, हसतमुख असतो. प्रार्थनेच्या वेळी छोटा ढोल वाजवून मंत्र म्हणतो.

रात्री साडेदहाच्या सुमारास
मलायात कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरू लागतं.

मध्यरात्रीच्या किंचित आधी
हवाईतल्या पर्ल हार्बरवर पहिले बॉम्ब पडतात.

सोमवार, 8 डिसेंबर, पहाटे सव्वादोन
सिंगापूरवर हवाई हल्ला. त्याच सकाळी सिंगापूर-मलायातल्या जपान्यांची धरपकड सुरू होते. त्यांत फोटोग्राफर, दंतवैद्य, न्हावी, दुकानदार आहेत, त्यांच्या बायका आणि मुलं आहेत.

पहाटे साडेतीन
टोकियो रेडिओ युद्धाची बातमी देतो. थोड्याच वेळात सेवाग्रामला जाग येणार आहे. सोमवार हा गांधीजींच्या मौनाचा वार.

सकाळी आठनंतर
जपानच्या सम्राटाचा युद्धघोषणेचा फतवा जाहीर होतो.

संध्याकाळ
चर्चिल लंडनच्या संसदेत जपानविरुद्ध युद्ध जाहीर झाल्याचं सांगतात. आता भारतातला प्रत्येक जपानी सरकारदरबारी शत्रू ठरतो.

त्यानंतर
सरकार भिक्षूला आश्रमातून घेऊन जातं. सिंगापूर-मलायात पकडलेल्या दोन हजारांहून अधिक जपानी नागरिकांना बोटींनी भारतात आणलं जातं. दिल्लीच्या पुराना किल्ल्यात त्यांचे तंबू पडतात. आईबापांसोबत लेकरंही तिथेच. 1942 साली काहींची नागरिकांच्या अदलाबदलीत सुटका होते. उरलेल्यांना 1943 मध्ये राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत हलवतात. त्यांना घरी जायला 1946 उजाडतं.

जुलै 1942 मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये जपानी जनतेला अनावृत पत्र लिहिलं. चीनवरच्या आक्रमणाबद्दल जपानला त्यांनी खडे बोल सुनावले, भारतावर चाल करून याल तर आम्ही विरोध करू, असं बजावलं. त्याच पत्रात त्यांनी सरकारने नेलेल्या भिक्षूची आठवण काढली. त्याचा ढोल आणि त्याचा मंत्र आम्ही जपलाय, सकाळ-संध्याकाळची आमची प्रार्थना त्यानेच सुरू होते, असं कळवलं.

त्यांनी आक्रमकाला विरोध केला आणि सोबतच्या माणसाला परकं मानलं नाही. पुरंदर चढताना शिवरायांना आठवाल, तेव्हा तिथे अडकवलेल्या त्या कुटुंबांनाही आठवा. आणि पुन्हा कधी युद्धाची हाळी उठली, तर शेजाऱ्याच्या दारावर संशयाची खूण करू नका.