‘डोंबिवली’ची ‘डोंबविली’ का होते? टर्मिनल खिडकीचे पर्याय

लिनक्स संगणकावर एक्सटर्म नावाच्या खिडकीत पत्त्यांची एखादी मराठी यादी उघडून पाहावी. ‘ठाणे’ बिनचूक दिसते. ‘कल्याण’मधील जोडाक्षर फुटून ‘ल’चा पाय मोडतो व ‘य’ सुटा पडतो. ‘डोंबिवली’ची मात्र चक्क ‘डोंबविली’ होते. यादीत काहीही चुकलेले नसते. खिडकी उघडताना आज्ञेसोबत काही पर्याय देऊन तिचे रंगरूप बदलता येते, हे जाणकारांना ठाऊक असते. पण त्या पर्यायांनी यातील नेमके काय सुधारते आणि काय सुधारत नाही, याची कल्पना फार थोड्यांना असते.

टर्मिनल म्हणजे मूळचा एक स्वतंत्र पडदा व कळफलक. संगणक दुसरीकडेच असे. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर रांगेत उभे राहून चित्रांविना केवळ अक्षरे दाखविणारा पडदा अनेकांनी पाहिला असेल. १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० या टर्मिनलने ८० स्तंभ आणि २४ ओळी ही चौकट रूढ केली. पुढे हे यंत्र नाहीसे झाले, पण त्याची नक्कल करणारे प्रोग्राम उरले. १९८४ मध्ये लिहिला गेलेला एक्सटर्म हा त्यांपैकीच एक. तो आजही वापरात आहे, ही संगणकाच्या जगात नवलाचीच गोष्ट म्हणायची!

आता पर्यायांकडे वळू. प्रत्यक्षात ते रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित करावयाचे असतात. येथे ते उच्चाराप्रमाणे दिले आहेत. ‘एक्सटर्म -एफए मोनोस्पेस -एफएस १४’ अशी आज्ञा दिली, की खिडकी मोनोस्पेस या टंकात व १४ आकारात उघडते. ‘-जॉमेट्री १००एक्स३०’ म्हणजे १०० स्तंभ व ३० ओळी. हे माप पडद्यावरील ठिपक्यांचे नसून अक्षरांचे असते. ‘-बीजी’ने पार्श्वभूमीचा आणि ‘-एफजी’ने अक्षरांचा रंग ठरतो. ‘-एसएल ५०००’ दिल्यास वर सरकून गेलेल्या पाच हजार ओळी पुन्हा पाहता येतात. ‘-एसबी’ने सरकपट्टी दिसते, तर ‘+एसबी’ने ती जाते. उणे चिन्हाने सोय चालू होते आणि अधिक चिन्हाने बंद! या उफराट्या रिवाजाने नवख्यांना हमखास चकविले आहे. ‘-ई’ हा पर्याय नेहमी शेवटी द्यावा, कारण त्यापुढचे सारे शब्द खिडकीत चालवायच्या आज्ञेचा भाग मानले जातात. ती आज्ञा संपताच खिडकीही मिटते. निकाल वाचायचा असेल तर ‘-होल्ड’ आधी जोडावा लागतो. हे सारे पर्याय केवळ त्या एका खिडकीपुरते असतात. कायमचे हवे असल्यास ते घरच्या निर्देशिकेतील एक्सरिसोर्सेस या फाईलमध्ये नोंदवावे लागतात.

मराठीसाठी महत्त्वाचा पर्याय ‘-यू८’ हा होय. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. खिडकीला हे कळले नाही, तर ती प्रत्येक बाइट वेगळे अक्षर समजते आणि नावाच्या जागी युरोपीय चिन्हांची खिचडी दिसते. ‘-यू८’ दिला आणि देवनागरी टंक संगणकावर असला, की ही खिचडी दूर होते.

यानंतर जी ‘डोंबविली’ उरते, तिच्यावर कोणताही टंक वा आकार चालत नाही. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चारक्रमाने साठविली जातात. ‘ब’ आधी, ऱ्हस्व इकार नंतर. तो ‘ब’च्या डावीकडे नेऊन ठेवणे हे पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रामचे काम. एक्सटर्मला ते येत नाही. तो इकाराला स्वतंत्र चौकोन देऊन ‘ब’नंतर मांडतो आणि इकाराचा वरचा फराटा पुढच्या ‘व’वर जातो. ‘ठाणे’मधील मात्रा डोक्यावर बसते व काना उजवीकडे येतो, म्हणून ते नाव वाचते. टंकलेखन यंत्रावर इकार आधी उमटविण्याची सवय झालेल्या पिढीला तर या दोषाचा उगमच चटकन उमगत नाही.

खरा धोका पुढे आहे. पडद्यावर ‘डोंबविली’ दिसली, की काळजीवाहू माणूस ती ‘दुरुस्त’ करतो. इकार मागे नेतो, खिडकीत नाव शुद्ध दिसू लागते आणि यादी प्रथमच अशुद्ध होते. पत्ता छापून आला, की पस्तावण्याची पाळी येते. चिन्हे मोजूनही चूक सापडत नाही. शुद्ध व अशुद्ध दोन्ही नावांत आठच चिन्हे व चोवीसच बाइट असतात. तपासायचा तो क्रम. शंका आल्यास तीच फाईल ब्राउझरमध्ये किंवा शब्दलेखनाच्या प्रोग्राममध्ये उघडून पाहावी, आणि तोवर टर्मिनलमध्ये तिला हात लावू नये.

मजकुरी टर्मिनलवर भारतीय लिपी आणण्याचा प्रयत्न आपल्याकडे फार पूर्वी झाला होता. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने ती सोय केली, आणि १९९१ च्या इस्की या भारतीय मानकानेही उच्चारक्रमच स्वीकारला. आजच्या खिडक्यांपैकी बहुभाषी एमएलटर्ममध्ये ओपनटाइप मांडणी चालू करता येते. केडीईची कॉन्सोल ही खिडकीही मराठीला बरी. मात्र तेथेही जोडाक्षरे समान रुंदीच्या चौकोनांत नीट मावत नाहीत. नाव शुद्ध दिसते, पण कोष्टकातील स्तंभ ओळीगणिक थोडे सरकतात आणि ‘कल्याण’वरून जाणारा कर्सर कधी एक घर पुढे, तर कधी एक घर मागे उभा असतो.