ड्रायव्हर नेटवर, नेट ड्रायव्हरवर

मागच्या पावसाळ्यात चार जुने लॅपटॉप घेऊन मोखाड्याजवळच्या एका शाळेत गेलो. डेबियन पटकन बसलं, पण वायफाय काही दिसेना. चिप ब्रॉडकॉमची, बीसीएम ४३१४२. तिचा ड्रायव्हर नेटवरून उतरवायचा, आणि नेटसाठी हवं वायफाय! (घरी तपासून निघायला हवं होतं, मान्य.)

हे दुखणं जुनं आहे. ब्रॉडकॉम चिपची माहिती देत नव्हती. मग काही हौशी मंडळींनी उलटा उद्योग केला. एका गटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर उकलून नुसती टिपणं लिहायची, दुसऱ्याने फक्त ती टिपणं वाचून कोड लिहायचा, म्हणजे कॉपीराइटची भानगड नको. तो ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये आला. सप्टेंबर २०१० मध्ये खुद्द ब्रॉडकॉमने आपला एक ड्रायव्हर खुला केला, पण ठरावीक नव्या चिपांपुरताच. आमची ४३१४२ दोन्हींत बसत नाही! तिला कंपनीचा बंद ड्रायव्हरच लागतो, आणि तो डेबियनच्या पेनड्राइव्हवर नसतो.

विंडोजवाल्यांनी हसू नये. एक्सपी टाकताना एफ६ दाबून साटाच्या ड्रायव्हरची फ्लॉपी शोधणारे तुम्हीच.

रेंज फक्त एका खिडकीत. सर म्हणाले, "केबलने नाही का होणार?" अरेच्चा! यूएसबी टेदरिंगचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. सरांचा फोन खिडकीत ठेवला, एकेक लॅपटॉप तिथे नेला. चौथा होईपर्यंत शाळा सुटली होती, पण सातवीची पोरं दप्तरं पाठीला लावून खिडकीशीच उभी होती.