खिडकीतला संगणक

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

संगणकात एखादा प्रोग्रॅम ‘टाकायचा’ म्हणजे एकेकाळी केवढा व्याप असे! सीडी घाला, ‘नेक्स्ट’ ‘नेक्स्ट’ करत बसा, मशीन बंद करून पुन्हा चालू करा. एवढे करून तो प्रोग्रॅम त्या एकाच मशीनचा होई. शेजारच्या टेबलावर बसलात की पुन्हा श्रीगणेशा. हे सगळे टाळून अख्खा डेस्कटॉपच ब्राउझरमध्ये आणला तर? या कल्पनेला आता तीस वर्षे होऊन गेली. तिचाच इतिहास आज मला सांगायचा आहे.

१९९५ साली ‘ओरॅकल’च्या लॅरी एलिसन यांनी ५०० डॉलरच्या ‘नेटवर्क कॉम्प्युटर’ची कल्पना मांडली. प्रोग्रॅम आणि फायली दूरच्या सर्व्हरवर, ग्राहकाकडे फक्त साधे यंत्र. पण टेलिफोनच्या तारेवरून रखडत येणाऱ्या इंटरनेटला हे ओझे झेपणारे नव्हते. तरीही ब्राउझर मोठा झाला तर विंडोजला कोण विचारणार, ही धास्ती मायक्रोसॉफ्टला वाटली. विंडोजबरोबर इंटरनेट एक्स्प्लोरर फुकट देण्यात आला आणि हे प्रकरण अखेर १८ मे १९९८ रोजी अमेरिकी सरकारने भरलेल्या खटल्यापर्यंत गेले.

गंमत पाहा. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, त्याच इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत एक छोटी सोय आली. सगळे पान पुन्हा न मागवता सर्व्हरकडून हवी तेवढीच माहिती आणायची. ब्राउझरमधल्या डेस्कटॉपचा पाया अशा रीतीने मायक्रोसॉफ्टनेच घातला! २००४ साली आलेल्या जीमेलने या युक्तीचे बळ दाखवले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी तिला ‘एजॅक्स’ असे नाव दिले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बार्सिलोनाजवळच्या ओलेसा दे मोंतसेरात या गावातल्या तरुणांनी ‘आयओएस’ प्रसिद्ध केले. आयफोनच्या प्रणालीशी त्याचा काही संबंध नाही. यातला ‘आय’ म्हणजे डोळा. ब्राउझर उघडून नाव आणि पासवर्ड दिला की पडद्यावर चित्रे, फोल्डर आणि छोट्या खिडक्या दिसत. नवा प्रोग्रॅम सर्व्हरवर एकदाच चढवायचा. मग तो तिथल्या सर्वांना मिळे. त्याच्या खिडक्या जावास्क्रिप्ट आपल्या यंत्रावर रंगवी, फायली सांभाळण्याचे काम सर्व्हरवर पीएचपी करी. शिवाय त्याचा कोड सर्वांना खुला होता. एखादी शाळा तो स्वतःच्याच सर्व्हरवर चालवू शकत होती.

मला मात्र या इतिहासातली सर्वांत हृद्य कहाणी वाटते ती ‘घोस्ट’ची. झ्वी श्रायबर या इस्रायली उद्योजकाची ही कंपनी. तिची एक कचेरी इस्रायलमधल्या मोदीइनला, तर बहुतेक अभियंते पॅलेस्टिनी भागातल्या रामल्लामध्ये. दोन्ही गावांत अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचे. पण इस्रायली नागरिकांना रामल्लात जायला कायद्याने बंदी आणि पॅलेस्टिनींना इस्रायलमध्ये यायला परवाना हवा. त्यामुळे रोजचे बोलणे व्हिडिओवरून होई. समोरासमोर भेटायचे तर जेरिकोच्या रस्त्यावरचे एक साधे कॉफीचे दुकान गाठायचे. भूत भिंतीतून आरपार जाते, म्हणून नाव ‘घोस्ट’! कोणत्याही यंत्रावरून उघडावा असा डेस्कटॉप ही माणसे बनवत होती आणि त्यांना स्वतःला मात्र एका टेबलाभोवती बसण्याची मोकळीक नव्हती.

२०१० साली घोस्ट बंद पडले. त्याआधी २००८ मध्ये अमेरिकेतले ‘यूओएस’ही मिटले होते, तिथे तर वापरणारेच नवे प्रोग्रॅम लिहीत. सीडीवरचा प्रोग्रॅम कंपनी बुडाली तरी आपल्या कपाटात राहतो. इथे सर्व्हर विझला की प्रोग्रॅमही गेला आणि वेळेत काढून न घेतलेल्या फायलीही गेल्या. आयओएसचे नशीब थोडे निराळे. २०१४ साली ती कंपनी टेलिफोनिकाने घेतली. पण जुन्या खुल्या आवृत्तीवरून इतरांनी ‘वनआय’ नावाने काम पुढे नेले. कोड खुला असल्याचा हा फायदा.

कल्पना मात्र मेली नाही. २०११ मध्ये क्रोमबुक बाजारात आले, ज्यात ब्राउझर हाच बहुतेक सारा संगणक. २०१७ पर्यंत ‘वेबअसेंब्ली’ चारही प्रमुख ब्राउझरमध्ये पोचली आणि जड प्रोग्रॅमही खिडकीत चांगल्या वेगाने चालू लागले. आज बँकेचे कामकाज, मुलांचा अभ्यास, घरचे फोटो यांतले किती आपल्या यंत्रात आहे आणि किती दुसऱ्याच्या सर्व्हरवर, याचा हिशेब आपण ठेवत नाही. तो ठेवावा, असे मला वाटते. आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत घरच्या डिस्कवरही असू द्यावी.