बंबवाल्यांचं कुणी विचारत नाही

आजी लग्न होऊन लखनौला आली ती गिरगावातून. जानकीपुरमच्या गच्चीवर पापड वाळत घालताना ती आम्हा नातवंडांना मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाची गोष्ट सांगायची. 14 एप्रिल 1944, शुक्रवार. चहाचं आधण ठेवलेलं, आणि फळीवरची भांडी एकदम खाली. अर्ध्या तासात दुसरा दणका. जपान्यांनीच बाँब टाकला, असं चाळीत सगळे म्हणत होते.

आम्हाला त्यातल्या सोन्याच्या विटा हव्या असायच्या. त्या खऱ्याच होत्या. फुटलेल्या जहाजावर 124 विटा होत्या, आणि एक तर मैलभर लांब बुर्जोरजी मोतीवाला यांच्या घरात येऊन पडली. आजी मात्र चिडायची. "सोन्याचं विचारता, बंबवाल्यांचं कुणी विचारत नाही."

बंबवाल्यांचं मी मोठेपणी वाचलं. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या, आणि त्याच पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं. दुपारी धूर दिसला. बंब आले, टनावारी पाणी आत ओतलं, पण गाठी धुमसतच राहिल्या. जहाज तिथेच बुडवावं की गोदीबाहेर न्यावं, यावर वरचे अधिकारी बोलत राहिले आणि ठाम हुकूम कुणीच दिला नाही. जवान तोवर पाण्याचा मारा करत तिथेच होते. 4 वाजून 6 मिनिटांनी जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे 66 जण गेले. त्यांच्यासाठी देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात.

मला खुपते ती हुकमाची वाट पाहण्यातली वेळ. आगीत उभं राहणारे एक आणि ठरवणारे दुसरे, ही वाटणी अजून मोडलेली नाही. मुंबईचं अग्निशमन दल 1887 पासून महापालिकेकडे आहे. नव्या गाड्या, उंच शिड्या, केंद्रांसाठी जागा, या सगळ्याचा पैसा नगरसेवक मंजूर करतात. पालिकेच्या पगारी नोकराला त्या सभागृहात बसता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. पण निवृत्तीनंतर? कोणता जिना अरुंद आहे, कोणत्या गल्लीत बंब अडकतो, हे तीस-तीस वर्षं अंगावर झेलून शिकलेली माणसं घरी बसतात, आणि तिकिटं वाटताना त्यांची आठवण पक्षांना क्वचितच होते.

न्यूयॉर्कमध्ये बंबावरून थेट राजकारणात जाण्याची वाट होती. विल्यम ट्वीड स्वयंसेवकांच्या बंबतुकडीचा नायक होता आणि 1851 मध्ये तो नगरप्रतिनिधी म्हणून निवडून आला. पुढे त्याने शहराची तिजोरी लुटली आणि तो तुरुंगात मेला. तेव्हा बंबावर चढलेला प्रत्येक जण सज्जन असतो, असं मी म्हणणार नाही. मी त्यांच्या अनुभवाची बाजू मांडते आहे.

आमच्याकडे लखनौत अग्निशमन सेवा राज्य सरकारची. पार्षदाचा, म्हणजे इथल्या नगरसेवकाचा, तिच्यावर हुकूम चालत नाही. पण रस्ते नगर निगमचे आहेत, अतिक्रमण हटवणं त्याच्याच हाती आहे, आणि वाट मोकळी नसेल तर बंब वेळेवर पोचणार कसा? 2025 च्या 14 एप्रिललाच, रात्री, लखनौच्या लोकबंधू रुग्णालयाला आग लागली. सुमारे दोनशे रुग्णांना बाहेर काढावं लागलं. जानकीपुरममधून एखादा निवृत्त जवान पार्षदपदासाठी उभा राहिला, तर त्याच्यासाठी दारोदार मतं मागायला मी जाईन.