लाल बावट्याचे तीन शाहीर



आज आपण एका गाणाऱ्या गटाचा इतिहास ऐकणार आहोत. गट म्हटलं की आपल्याला बचत गट आठवतो. दहा-बारा जणी, एक वही, महिन्याची बैठक, आणि कधी कधी रुसवेफुगवेही. हा गट तीन शाहिरांचा होता. त्याचं नाव लाल बावटा कलापथक. हे तिघे एकत्र आले, गाजले, विखुरले आणि मोठं काम समोर आल्यावर पुन्हा एका मंचावर उभे राहिले. असं कसं झालं, ते आपल्यासारख्या गटात काम करणाऱ्या बायकांनी समजून घेण्यासारखं आहे.

पहिले शाहीर अण्णाभाऊ साठे. जन्म १ ऑगस्ट १९२०, सांगली जिल्ह्यातलं वाटेगाव. घरची परिस्थिती अशी की शाळा जेमतेम दीड दिवसाची. पोट भरायला सगळं कुटुंब वाटेगावाहून चालत मुंबईला आलं. मुंबईत अण्णाभाऊंनी ओझी उचलली, फेरी केली, गिरणीत काम केलं. अक्षरओळख वाढवली ती दुकानांच्या पाट्या वाचून. तोच माणूस पुढे पोवाडे, लोकनाट्यं, कथा आणि तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिता झाला.

दुसरे शाहीर अमर शेख. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार. संपात पुढे होते म्हणून तुरुंगही पाहिला. त्यांचा आवाज असा की मैदानाच्या टोकाला बसलेल्यालाही ऐकू जायचा. आणि ही गाण्याची ओढ आली कुठून? आईकडून. त्यांची आई मुनेरबी. लोकगीतांचा वारसा त्यांना आईनं दिला. मोठ्या शाहिराचं नाव पुस्तकात येतं, पण त्याच्या गळ्यातलं पहिलं गाणं बहुतेक वेळा जात्यावरचं नाहीतर पाळण्याजवळचं असतं. आपल्या पनवेल-उरण भागात लग्नात धवलारीण धवले गाते, तिला कोणी शाहीर म्हणत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या गाणं तोंडपाठ ठेवण्याचं काम तिनंच केलं आहे.

तिसरे शाहीर द. ना. गव्हाणकर. गाणं रचायचं आणि मंचावर उभं राहून गायचंही, दोन्ही त्यांना जमत होतं. अण्णाभाऊ आणि अमर शेख यांची नावं आज जास्त घेतली जातात, पण हे पथक तिघांनी मिळून उभं केलं, हे विसरून चालणार नाही.

सन १९४४. महायुद्ध चालू होतं. धान्य महाग, रेशनच्या रांगा लांब. बंगालमध्ये आदल्याच वर्षी भयंकर दुष्काळ पडून लाखो माणसं मेली होती. मुंबईच्या गिरणगावात कम्युनिस्ट पक्षाचं, म्हणजे लाल बावट्याचं, मोठं वजन होतं. हे तिघेही त्याच चळवळीतले. भाषण ऐकायला दमलेला कामगार थांबेलच असं नाही, पण डफावर थाप पडली की तो थांबतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पथक काढलं. डफ, तुणतुणं, ढोलकी, झांज आणि मागे झील धरणारे साथीदार. चाळीच्या पटांगणात, गिरणीच्या दारात, गावच्या पारावर, जागा मिळेल तिथे खेळ.

तमाशाचा साचा आपल्याला माहीत आहे. आधी गण, मग गवळण, बतावणी, शेवटी वग. अण्णाभाऊंनी हा साचा हातात घेतला आणि बदलला. गणात गणपतीच्या जागी मायभूमीला वंदन आलं. गवळण त्यांनी काढून टाकली. वाट अडवून बाईची थट्टा करायची आणि लोकांनी हसायचं, हे त्यांना नको होतं. वगात राजाऐवजी सावकार आणि शेतकरी आले, शेटजी आणि मतदार आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही नावं ऐकली तरी विषय कळतो. फाळणीच्या दंगलीत माणसं एकमेकांना मारत होती, तेव्हा अण्णाभाऊंनी ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’ लिहून माणुसकीची बाजू घेतली. आणि त्यांच्या पथकात तर मातंग समाजातले अण्णाभाऊ आणि मुसलमान घरातले अमर शेख खांद्याला खांदा लावून मराठीत गात होते. वेगळं भाषण द्यायची गरजच नव्हती.

मग अडचणी सुरू झाल्या. पहिली आली बाहेरून. स्वातंत्र्य आलं, पण सरकारवर टीका करणारी गाणी सरकारला कशी आवडावीत? मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे गृहमंत्री होते. तमाशावर बंदी आली, लाल बावट्याच्या खेळांवरही आली. अण्णाभाऊंनी तमाशाला ‘लोकनाट्य’ म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं, ढोलकी तीच राहिली. आज आपण लोकनाट्य हा शब्द सहज वापरतो, तो रुजवण्यात या बंदीचाही हात आहे, असं गमतीनं म्हणता येईल.

दुसरी अडचण आतून आली. १९४८ नंतर कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची धरपकड झाली आणि पक्षात मतभेद वाढले. लढा कसा द्यायचा, कोणाचं ऐकायचं, यावर वाद झाले. पक्षातल्या भांडणाचे ओरखडे पथकावर उमटणारच. तिसरी अडचण रोजची होती, पोटाची. गाण्यावर टाळ्या मिळतात, चूल पेटतेच असं नाही. आणि तिघेही आपापल्या परीनं मोठे होत गेले. अमर शेख स्वतःचं पथक घेऊन फिरू लागले. अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्यांकडे वळले. १९४४ चं ते पथक पूर्वीसारखं राहिलं नाही.

हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत १९६८ साली क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश हे तीन गायक एकत्र आले. तिघेही आधी वेगवेगळ्या वाद्यवृंदांत नाव कमावलेले. पुढच्या वर्षी यंग नावाचा चौथा आला. गावाकडच्या गाण्याची धून आणि गिटारचा दणका यांचा मेळ घालून त्यांनी तरुणांना वेड लावलं. १९७० च्या मे महिन्यात केंट स्टेट विद्यापीठात युद्धाविरुद्ध निदर्शनं चालू असताना सैनिकांच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. चौघांनी लगेच त्यावर गाणं केलं. आणि त्याच वर्षी आपसांतल्या भांडणांनी त्यांचा गट फुटला. पुढे १९७४ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, पुन्हा वेगळे झाले. एका घोंगडीखाली चार मोठी माणसं फार दिवस मावत नाहीत, मग ती मुंबईची असोत की अमेरिकेची.

आपल्या शाहिरांचं पुढे काय झालं? संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. मुंबईसह मराठी माणसांचं राज्य हवं, ही मागणी. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, पुढेही झाले, आणि शंभरावर माणसं हुतात्मा झाली. अशा वेळी जुने मतभेद कोण उगाळत बसणार? अमर शेख, अण्णाभाऊ, गव्हाणकर तिघेही पुन्हा मैदानात आले. सोबत आत्माराम पाटलांसारखे दुसरे शाहीरही होते. आचार्य अत्र्यांची भाषणं आणि शाहिरांचे डफ यांनी सभा भरू लागल्या.

अण्णाभाऊंची मैनेची छक्कड त्याच काळात घरोघर पोचली. पोटासाठी मुंबईला गेलेला गडी गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, असं ते गाणं आहे. पुढे त्या मैनेत बेळगाव, कारवार मिसळतात, महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख मिसळतो. म्हणजे राज्याच्या मागणीला अण्णाभाऊंनी चेहरा दिला तो गावाकडे थांबलेल्या बाईचा. आपल्या कोकणातल्या कितीतरी आज्या अशाच थांबल्या होत्या. नवरा गिरणीत, आणि इथे भाताची लावणी, गुरं, म्हातारी माणसं आणि महिन्याच्या मनिऑर्डरीची वाट. राज्य १ मे १९६० ला झालं. मैनेचा बेळगावचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

शेवट चटका लावणारा आहे. अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’ कादंबरीला १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियालाही जाऊन आले. तरी गरिबी सुटली नाही. घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडीत त्यांनी मोठं लिखाण केलं. १८ जुलै १९६९ ला ते गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. एका पावसाळ्यात महाराष्ट्रानं दोन्ही शाहीर गमावले. पुढे अण्णाभाऊंचं टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. मुंबई विद्यापीठात अमर शेखांच्या नावानं अध्यासन आहे. मान मिळाला, पण तो जिवंतपणी चुलीपर्यंत पोचला नाही.

अमर शेखांची मुलगी मलिका अमर शेख कवयित्री झाल्या. १९८४ च्या सुमारास आलेल्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मकथनात त्यांनी चळवळीतल्या पुरुषाच्या घरात बाईला काय सोसावं लागतं, ते न लपवता लिहिलं. मंचावरचा आवाज आपण ऐकतो. घरातला आवाज ऐकायचा तर असं कोणी बाईनं लिहावं लागतं.

मैत्रिणींनो, गट फुटला की आपण लगेच म्हणतो, ‘बायकांचं पटतच नाही.’ या तिघा पुरुषांचं तरी कुठे कायम पटलं? प्रत्येकाची वाट वेगळी झाली, पण एकमेकांचा रस्ता त्यांनी बंद केला नाही. म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी परत येता आलं. गट किती वर्षं टिकला, एवढ्यावरच त्याची किंमत करू नये. वेगळ्या झालेल्या जणी गरज पडली तर पुन्हा एका सतरंजीवर बसू शकतात का, तेही पाहावं. पाण्याचा प्रश्न असो, दारूचा असो, की आपल्या भागात विमानतळापायी दहा गावं उठली तसा जमिनीचा असो, त्या दिवशी जुनी वही उकरत बसू नये.

आणि एक काम मात्र आत्ताच करता येईल. करंजाडेत आज वेगवेगळ्या गावांहून आलेली कुटुंबं शेजारी राहतात. प्रत्येक घरात एखादी मुनेरबी असते. लग्नातले धवले, जात्यावरच्या ओव्या, भातलावणीची गाणी तिला येतात. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की तिला एक गाणं म्हणायला सांगा. मोबाईलवर भरून ठेवा आणि वहीत तिचं नाव, तिचं गाव लिहा. नाव लिहायला विसरू नका.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.