सोबतीचा खेळ आणि एकट्याचा खेळ

मंडळी, खेळ हा हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हे. पोर काय खेळते, कोणाबरोबर खेळते आणि कोणता खेळ अर्ध्यावर टाकून उठते, यावरून त्याच्या मनाचा कल कळतो, हे आपल्या शिक्षक बंधुभगिनींना वेगळे सांगायला नको. आज त्यातलाच एक प्रश्न घेऊ.

भिगवण काय, इंदापूर काय, नाहीतर बारामती काय, चार पोरे कट्ट्यावर बसली आहेत, चौघांच्या हातात मोबाइल आहेत आणि चौघे मिळून एकच खेळ खेळत आहेत, हे दृश्य आता कोणाला नवे नाही. पाचवा गडी कदाचित मुंबईत असेल, सहावा आणखी कोठे. इंटरनेटवरून अनेकांनी एकत्र खेळायचा हा खेळ. ज्यांना त्याची चटक लागली, त्यांतले पुष्कळजण सांगतात, की संगणकावरचे बाकीचे खेळ आता अळणी लागतात. मोटारसायकलची शर्यत, तळघरातून उड्या मारीत सुटका करून घेणारा राजपुत्र, वरून पडणारे ठोकळे जुळवण्याचा टेट्रिस, यांवर एके काळी मुले तासन्तास बसत. मग ती गोडी गेली कोठे? नवा खेळ जुन्याहून सरस निघाला म्हणून ती गेली, की कारण निराळेच आहे? उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल.

पहिली गोष्ट ऐकून नवल वाटेल. संगणकावरचे सुरुवातीचे गाजलेले कित्येक खेळ एकट्यासाठी नव्हे, दोघांसाठी होते. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एका लहानशा पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. तो दोघांनी खेळायचा. १९६२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ रचला, त्यातही दोन खेळाडू, दोन याने. १९७२ साली अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला, तोही मुळात दोघांचाच. कारण साधे होते. त्या काळच्या यंत्राला प्रतिस्पर्धी होण्याइतकी अक्कल देणे जड होते, म्हणून समोर माणूसच लागे.

पुढे यंत्र हुशार झाले. १९७८ साली जपानमध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ निघाला. वरून शत्रूच्या रांगा चाल करून येतात आणि खाली एकटा खेळाडू त्यांना थोपवतो. आता माणसाची गरज उरली नाही, यंत्रच गडी झाले. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव याने टेट्रिस रचला, १९८९ मध्ये अमेरिकेत जॉर्डन मेकनर याचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आला. एकट्याने बसून, हरून, पुन्हा हरून, शेवटी जिंकण्याचा हा काळ. आपल्याकडे संगणक खेड्यापर्यंत पोहोचला तो बराच उशिरा. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून सुरू झाला. ग्रामीण भागातल्या कित्येक मुलामुलींनी माउसला पहिला हात लावला तो अशा केंद्रातच. धडा संपला आणि सरांची पाठ वळली, की पडद्यावर पत्त्यांचा ‘सॉलिटेअर’ उघडायचा. तोही एकट्याचाच खेळ, बरे का.

म्हणजे आपल्या भागाने संगणकाचा खेळ पाहिला तो एकट्याचा म्हणूनच. त्यामुळे सोबतीचा खेळ आला, तेव्हा काहीतरी अघटित घडले असे आपल्याला वाटले. वास्तविक सोबत परत आली होती, एवढेच.

ही सोबत परत येण्याची तयारी बाहेर फार दिवस चालू होती. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ सालीच अनेकांनी मिळून खेळायचा, नुसत्या अक्षरांचा एक खेळ सुरू झाला होता. १९९३ अखेरच्या ‘डूम’ या खेळात चार संगणक तारेने जोडून चौघांना एकत्र खेळता येई. ‘काउंटर-स्ट्राइक’ या प्रसिद्ध खेळाची कथा तर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९९८ साली ‘हाफ-लाइफ’ नावाचा, मुख्यतः एकट्याने खेळायच्या कथेचा खेळ आला. त्याच्या दोन चाहत्यांनी, मिन ली आणि जेस क्लिफ यांनी, त्यातच फेरफार करून १९९९ मध्ये दोन तुकड्यांच्या सामन्याचा काउंटर-स्ट्राइक उभा केला. म्हणजे पाहा, सोबतीचा खेळ एकट्याच्या खेळाच्या पोटी जन्मला. आधीच्या खेळाची गोडी नसती, तर पुढचा खेळ निघालाच नसता.

आता आपल्याकडे वळू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइलवरचे इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले. मार्च २०१८ मध्ये पब्जी मोबाइलवर आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी टिकेल तो जिंकतो. चौघांची तुकडी करता येते, खेळता खेळता बोलता येते, आणि खेळ उतरवून घ्यायला पैसा पडत नाही. वर्षभरात त्याचे नाव इतके झाले, की जानेवारी २०१९ मध्ये परीक्षेविषयीच्या कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळांची तक्रार मांडताच, हा पब्जीवाला आहे का, असे पंतप्रधानांनीच विचारले.

अशा खेळाचे बळ कशात असते, हे समजून घ्यायला भिगवणकरांना लांब जायला नको. आपला मासळी बाजार पाहा. उजनीच्या फुगवट्यातली चिलापी, कटला, रोहू, मरळ तेथे येते आणि लिलाव होतो. व्यापारी तेथे का येतो? मासळी येते म्हणून. मच्छीमार आपला माल तेथेच का आणतो? व्यापारी येतात म्हणून. एकदा हा मेळ बसला, की शेजारी कितीही झकास ओटे बांधून दुसरा बाजार मांडा, तेथे काळे कुत्रे फिरकत नाही. सोबतीच्या खेळाचे तसेच आहे. मित्र तेथे आहेत म्हणून मी जातो आणि मी जातो म्हणून आणखी एक मित्र येतो. खेळ चांगला की वाईट, हा प्रश्न मागे पडतो.

हे खरे कशावरून, असे कोणी विचारील. त्याची परीक्षा इतिहासानेच घेतली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली, त्यात पब्जी होता. आता खेळ नव्हताच. मग मुले जुन्या एकट्याच्या खेळांकडे परतली काय? नाही. लोंढा वळला तो ‘फ्री फायर’ आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या मोबाइल आवृत्तीकडे, म्हणजे पुन्हा सोबतीच्याच खेळांकडे. जुलै २०२१ मध्ये पब्जी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हे नाव घेऊन परतला, तेव्हा खेळणारेही परतले. ओढ खेळाची असती, तर तो बंद होताच तुटली असती. ओढ मित्रांची होती, म्हणून टोळी नुसती घर बदलून बसली.

याच २०२० सालातली दुसरी गोष्ट थोडी चटका लावणारी आहे. पुण्यात, म्हणजे भिगवणहून महामार्गाने शंभरएक किलोमीटरवर, नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीने ‘राजी’ नावाचा खेळ तयार केला. प्राचीन भारतातली एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधायला निघते, अशी त्याची कथा. खेळायचा एकट्याने. लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा प्रयत्न फसला, तरी मंडळींनी काम सोडले नाही आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ बाहेर आला. त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या पारितोषिकासाठी राजीचे नाव पुढे आले. पारितोषिक मात्र मिळाले ‘फॅस्मोफोबिया’ला, म्हणजे चौघांनी इंटरनेटवरून मिळून भुते शोधण्याच्या खेळाला. शिवाय राजी खेळायला त्या वेळी लागणारे यंत्र खेड्यातल्या घरात सहसा नसते, आणि पब्जीला खिशातला फोन पुरत होता. आपल्याच मातीतली गोष्ट आपल्याच पोरांच्या हाती पडणे त्यामुळे अवघड झाले. गोडी कमी होते म्हणजे काय होते, ते हे असे.

पण म्हणून एकट्याचा खेळ मेला, असे मात्र समजू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये चीनमध्ये तयार झालेल्या ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ या एकट्याच्या खेळाच्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. उजनीचे पाणी ओसरले, की पळसदेवचे जुने देऊळ पुन्हा दिसू लागते. ते पाण्याखालीही होतेच.

दुसरेही एक ध्यानात घ्या. सोबत जशी गोडी मारते, तशी ती लावतेही. टाळेबंदीत घरोघर चाललेला ‘लुडो किंग’ आपल्या नवी मुंबईच्या कंपनीचा. जुना सोंगट्यांचा खेळ, पण दूरच्या नातेवाइकांशी खेळता येऊ लागला आणि त्याला नवी पालवी फुटली. बुद्धिबळाचेही तसेच. ऑगस्ट २०२० मध्ये झालेल्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये भारत व रशिया संयुक्त विजेते ठरले. आपल्या संघाचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी, आणि संघात नागपूरची दिव्या देशमुखही होती. पुढे जुलै २०२५ मध्ये तिने बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. इंटरनेटच्या सोबतीने बुद्धिबळाचे नुकसान झाले, असे कोण म्हणेल?

मग हानी कोठे आहे? ती अशी. एकट्याच्या खेळाला शेवट असतो. राजकन्या सुटते, कथा संपते, पोर समाधानाने उठते. सोबतीच्या खेळाला शेवट नाही, एक डाव झाला की दुसरा. एकट्याचा खेळ मध्येच थांबवता येतो, सोबतीचा येत नाही. आई हाक मारते, “अरे, गुरांना वैरण टाक!” आणि पोरगा “आलो आलो” म्हणत जागचा हलत नाही. तो उद्धट आहे असे नव्हे. तो उठला तर तीन मित्र हरणार असतात आणि डाव कधी कधी अर्धा तास चालतो. आईची आज्ञा आणि मित्रांची बांधिलकी यांच्या कात्रीत तो सापडलेला असतो. तिसरी हानी सर्वांत मोठी. कोणी पाहत नसताना हरावे, आपल्या चालीने शिकावे, अवघड जागी अडून बसावे आणि स्वतःच वाट काढावी, ही सवय एकट्याच्या खेळात लागते. पुस्तक वाचायला आणि गणित सोडवायला हीच सवय लागते. ती सुटली, तर खेळापुरतीच सुटत नाही.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, नुसत्या बंदीने काय होते ते आपण पाहिलेच. त्यापेक्षा जी गोष्ट टिकावी असे वाटते तिला सोबत मिळवून द्या. शाळेतल्या संगणकावर कोड्याचा एक खेळ दोघा मुलांना मिळून द्या, एकाने चालवायचा, दुसऱ्याने सुचवायचे. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेने २००७ साली काढलेला ‘स्क्रॅच’ विनामूल्य मिळतो. त्यावर मुलांनी स्वतः लहान खेळ रचावा आणि वर्गात एकमेकांना खेळायला द्यावा. स्वतः रचू लागलेला मुलगा दुसऱ्याचा खेळ बारकाईने पाहतो, मग तो एकट्याचा असो की शंभरांचा. आणि आईबापांनी घड्याळ लावण्याऐवजी डाव मोजावेत. “आज दोन डाव, मग वैरण,” असे आधीच ठरले, तर मित्रांचाही मान राहतो आणि गुरेही उपाशी राहत नाहीत.

मुलाच्या हातात कोणता खेळ आहे हे आपण विचारतोच. त्याबरोबर त्याला सोबत कोणाची आहे, हेही विचारत जा. आणि कधीमधी त्याच्या एकट्याच्या खेळाशेजारी घटकाभर बसून, “पुढे काय झालं रे?” एवढे विचारा. त्या खेळालाही सोबत मिळेल.